शेरवानीला लागलेल्या मुंग्या

आमच्या पेशकारसाहेबांच्या शेरवानीला मुंग्या लागत. यात अतिशयोक्ती नाही. क्लबच्या मासिक सभेत अध्यक्षांचं इंग्रजी प्रास्ताविक सुरू झालं, की एखादी लाल मुंगी टेबलाच्या पायावरून वर चढायची आणि बाकीच्या सगळ्या मान्यवरांना ओलांडून थेट पेशकारसाहेबांच्या बाहीकडे निघायची. ते तिला झटकत नसत. बोटावर घेत, टेबलाच्या कडेला सोडत आणि हळूच म्हणत, "जा बाई, वापस जा." त्यांच्या शेजारी बसणारे वकील दर सभेला आपली खुर्ची वीतभर सरकवायचे. वर्षअखेरीला ते भिंतीला टेकले होते.

म्हाताऱ्याला साखर झालीय आणि ती घामातून उतरते, असं क्लबातल्या लोकांचं निदान होतं. खरं कारण मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो. या हकिगतीत मी बऱ्याच ठिकाणी गप्प बसलेला आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

ते माझे घरमालक. मी सांगलीकडचा. परभणीच्या कॉलेजात मराठी शिकवायची नोकरी लागली आणि त्यांच्या घराच्या माडीवर दोन खोल्यांत येऊन पडलो. तहसील कचेरीत पेशकार म्हणून त्यांचा जन्म गेलेला. म्हणजे साहेबापुढे कागद पेश करायचे आणि साहेबानं न वाचता सही केली की तो कागद पुन्हा वाचायचा. बायको कधीच गेलेली, मुलगी सासरी. खाली ते, वर मी आणि मध्ये एक खडखडणारा लाकडी जिना. निजामाच्या राज्यात शाळा झाल्यामुळे त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतलं. मराठी बोलायचे झकास, पण मराठी लिहायला बसले की त्यांची अक्षरं एकमेकांवर रेलायची.

त्यांचा एक शब्द होता, 'दुरुस्त'. पहिल्याच आठवड्यात मी खाली जाऊन सांगितलं, "साहेब, वरचा नळ रात्रंदिवस गळतोय." ते गंभीर होऊन म्हणाले, "दुरुस्त!" मी आठ दिवस प्लंबरची वाट पाहिली. नवव्या दिवशी पुन्हा गेलो. ते पुन्हा म्हणाले, "दुरुस्त, एकदम दुरुस्त." मग कुणीतरी मला समजावलं, की पेशकारसाहेबांच्या भाषेत दुरुस्त म्हणजे बरोबर. नळ गळतो हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी ती माडी सोडली तेव्हाही नळ गळत होता.

दुसरी सवय म्हणजे रस्त्यानं चालताना ते दर पन्नासेक पावलांवर थांबून मागे वळून बघत. सुरुवातीला मला वाटायचं, कुणी पाठलाग करतंय. एकदा विचारलं.

"काही न्हाई, प्रोफेसर. येताना रस्ता येक दिसतो आन् वळून बघितला की दुसराच. दोन्ही बघितल्याबिगर रस्ता बघितला म्हणता येत न्हाई."

असा माणूस समाजसेवेच्या क्लबात कसा गेला हे कोडंच होतं. क्लबात कापसाच्या जिनिंगचे मालक, डॉक्टर, वकील, ठेकेदार अशी मंडळी. खिशाला बिल्ला, सभेच्या सुरुवातीला पितळी घंटा, शेवटी जेवण. उपक्रमांची जबाबदारी पेशकारसाहेबांकडे, कारण दुसऱ्या कुणाला उन्हात फिरायचं नसे. एका वर्षी क्लबानं झाडं लावायचं ठरवलं. फोटोला बरी दिसतील म्हणून सगळी रोपं एका ओळीत, फलकासकट लागली. पेशकारसाहेब मात्र खिशात खडू घेऊन देवगाव फाट्यावर गेले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसते बसून राहिले. एसटीची वाट पाहणारी माणसं कुठे उभी राहतात, सूर्य फिरला की कुठे सरकतात, हे बघून ते जमिनीवर खुणा करत होते. मग त्या खुणांवर त्यांनी तीन कडुनिंब लावले. ओळीतली रोपं पहिल्याच उन्हाळ्यात फलक तेवढा मागे ठेवून निघून गेली. कडुनिंबांखाली पुढे मीही एसटीची वाट पाहिली आहे. तिथे उभं राहिलं की कुणीतरी आपण येणार हे आधीच हेरून ठेवलंय असं वाटायचं.

मला त्यांनी क्लबात ओढलं ते माझ्या अक्षरासाठी. क्लबाचा मोठा उपक्रम म्हणजे पौषातलं नेत्र शिबिर. पौषच का, तर पौषात लग्नं नसतात आणि मंगल कार्यालय रिकामं मिळतं. थंडीत डोळा पिकत नाही, हे डॉक्टरांचं कारण नंतरचं. वरपक्षाच्या खोलीत ऑपरेशन, वधूपक्षाच्या खोलीत मलमपट्टी आणि मोठ्या हॉलमध्ये दोन रांगांत सतरंज्या टाकून सगळे म्हातारे. भिंतीवर गेल्या लग्नातली झिरमिळी तशीच लोंबत असायची. दाराशी 'सुस्वागतम्' कायमचंच होतं.

पेशकारसाहेब या म्हाताऱ्यांना रुग्ण म्हणत नसत. पाहुणे म्हणत.

"पाहुणा म्हंजे काय, प्रोफेसर? पाहायला आलेला तो पाहुणा."

मी मराठीचा प्राध्यापक. राहवलं नाही. पाहुणा हा शब्द संस्कृतातल्या प्राघुणापासून आला आहे, पाहण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"दुरुस्त," ते म्हणाले. "पन हे सगळे पाहायलाच आलेत ना?"

तर या पाहुण्यांसाठी त्यांची एक वही होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येकाजवळ उकिडवं बसून एकच प्रश्न विचारायचा, पट्टी सुटल्यावर पहिलं काय बघायचंय? प्रश्न ते विचारत आणि उत्तर मी लिहीत असे. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात एकानं लिहवलंय, 'डाव्याच शिंगाचा बैल'. एक आजी म्हणते, 'नातवाचे दात'. एकाला भावकीतला वैरी आपल्यापेक्षा म्हातारा झालाय का ते बघायचं होतं. एका बाईला सुनेनं पेटीला कोणतं कुलूप लावलंय ते. एकानं सांगितलं, 'काहीच नाही, पट्टी खाजते.' आणि जे जे जमेल ते पेशकारसाहेब आणून हजर करत. बैल आला तेव्हा तो 'सुस्वागतम्'खालून आत शिरला आणि थेट बोहल्यापर्यंत पोचला. डॉक्टर हातमोजे घातलेले हात वर धरून ओरडत होते. म्हातारा मात्र नवा जाड चष्मा सावरत बैलाच्या शिंगाकडे बघत राहिला होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघून डॉक्टरही थोड्या वेळानं ओरडायचे थांबले.

ते नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाचं नाव बदलावं आणि बदलू नये, दोन्ही घोषणा एकाच भिंतीवर, एकीवर दुसरी चढलेली. कधी मोर्चा, कधी बंद, अधूनमधून एसटी जागच्या जागी. त्याची झळ शिबिरातही लागायचीच. कुणी कुणाच्या शेजारी झोपायचं यावरून एकदा कुरबुर झाली आणि क्लबातल्याच एका सभासदानं सुचवलं, की वेगळी रांग करू. पेशकारसाहेब म्हणाले, "आठ दिस हेच्या डोळ्यावर पट्टी, तेच्या डोळ्यावर पट्टी. शेजारी दिसणारच न्हाई, मंग वेगळी रांग कुणासाठी करायलात?" रांग झाली नाही. आठ दिवस ते दोन म्हातारे एकमेकांची तंबाखू खात, एकमेकांच्या गावच्या विहिरी मोजत राहिले. पट्ट्या सुटल्या त्या सकाळी त्यांतल्या एकानं आपली सतरंजी उचलली आणि लांब भिंतीशी नेऊन टाकली. पेशकारसाहेब बराच वेळ त्या मधल्या रिकाम्या फरशीकडे बघत होते. "नजर आली," एवढंच म्हणाले. दुरुस्त म्हणाले नाहीत.

आता एका म्हातारीकडे येतो.

ती राणीसावरगावकडची. एका शेजाऱ्यानं तिला शिबिरात आणून सोडलं होतं. एक डोळा कधीचाच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. तपासताना डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. "मोतीबिंदू काढतो, पण पाठीमागे काचबिंदूही आहे. नजर येईल. टिकेल महिना, फार तर दीड महिना. पणतीत तेलच कमी आहे. तिला सांगू नका असं मी म्हणणार नाही, ठरवा तुम्ही." पेशकारसाहेबांनी तिला सगळं सांगितलं. पाहुण्याशी खोटं बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता. ती शांतपणे म्हणाली, "म्हैनाभर तर म्हैनाभर, मालक. मला कुटं पोथी वाचायचीय?"

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"गंगा," ती म्हणाली. "येकदा गंगा दिसली की मंग काय बी होऊ दे. लय दिस झाले. लय लांब गेलीय."

मला या भागात येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि इथे गोदावरीला गंगा म्हणतात हे शिकल्याचा मला मोठा अभिमान होता. गावाकडच्या पत्रांतही मी 'गंगेचं पाणी' वगैरे लिहीत असे. त्या म्हातारीची श्रद्धा बघून मला भरून आलं. मी वहीत लिहिलं, गंगा, आणि पुढे कंसात, नदी. पेशकारसाहेबांनी विचारलं, "लांब गेलीय म्हंजे?" मी समजावलं, की हिवाळ्यात पात्र आक्रसतं, पाणी घाटापासून लांब जातं, त्याबद्दल ती बोलतेय. त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "दुरुस्त," म्हणाले. शिकलेल्या माणसाचा शब्द होता.

आठव्या दिवशी पट्टी सुटली. पेशकारसाहेबांनी तिच्या डोळ्यावर हिरवं कापड तसंच ठेवायला सांगितलं, अध्यक्षांची जीप मागितली आणि आम्ही तिघं गंगाखेडला गेलो. सकाळचं ऊन कोवळं होतं. पाण्यावरून धुकं निघत होतं आणि वाळू इतकी पांढरी होती, की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पलीकडून एक बाई कळशी घेऊन येत होती आणि ती हवेतून चालतेय असं वाटत होतं. घाटाच्या शेवटच्या पायरीवर पेशकारसाहेबांनी म्हातारीला बसवलं, कापड काढलं आणि जाड भिंगांचा चष्मा स्वतःच्या हातानं तिच्या कानांवर बसवला.

ती बघत राहिली. किती वेळ ते सांगता येत नाही. आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो. मग तिनं हात जोडले. खाली वाकून पाणी डोळ्यांपर्यंत नेऊ लागली, तेव्हा मी धावलो, पाणी लावायला डॉक्टरांनी बंदी केली होती. पेशकारसाहेबांचे डोळे भरले होते. माझेही.

परत निघालो. जीपपाशी पेशकारसाहेब ड्रायव्हरला हाका मारत होते. म्हातारीनं माझी बाही धरली.

"लेकरा, गंगामाय बी बघितली, लय ब्येस झालं. पुण्य लागलं तुमाला. आता गंगीकडं कवा न्यायलात?"

"गंगीकडं?"

"माझी लेक रं बाबा. गंगी. ऊसतोडीला गेलीय ना सांगलीकडं, किस्नेच्या काठाला. ती मागच्या मागच्या साली जायली तवाच मला धुरकट दिसायलं होतं. तिचं तोंड काय नीट बघितलंच न्हाई."

मी काखेतली वही उघडून माझा तो कंस बघितला.

सांगलीकडं. माझ्या गावाकडं. लहानपणापासून दर थंडीत आमच्या शेताच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहताना मी पाहिलं होतं. ही माणसं येतात कुठून आणि मागे कुणाला ठेवून येतात, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि आता कळत होतं, की आमचं शिबिरही नेमकं त्याच महिन्यांत भरत होतं. आम्ही म्हाताऱ्यांना डोळे देत होतो आणि ज्यांना बघायचं ती माणसं सगळी तिकडे असायची. टोळ्या परतायच्या पाडव्याला. पाडवा तीन महिने लांब होता. डॉक्टरांनी महिना-दीड महिना सांगितला होता.

पेशकारसाहेबांना मी सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. त्यांनी वही मागितली, माझा तो कंस बोटानं एकेक अक्षर करत वाचला आणि वही मिटली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हातारीला त्यांनी आपल्या घरी उतरवलं. त्याच संध्याकाळी क्लबची समारोपाची सभा होती. अध्यक्ष वैतागलेले होते. "पेशकारसाहेब, जीप नदी दाखवायला नेली म्हणे? आणि ती पण चुकीची?" सगळे हसले. ते उभे राहिले. "गल्ती माझी हाय. ऐकन्यात गफलत झाली." मी त्यांच्या शेजारीच होतो, वही माझ्याच मांडीवर होती. उठून दोन शब्द बोलायला किती वेळ लागला असता? पण मी समोरच्या फुलदाणीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. अंगात तीच काळी शेरवानी, हातात पिशवी. "तुमच्या वडलांच्या नावानं चिठ्ठी द्या, प्रोफेसर. तुमाला ठावं असंल, कोन्ची टोळी कुटं हाय." मी म्हणालो, मी येतो, मी जातो. ते म्हणाले, "मंग हिच्या डोळ्यात थेंब कोन घालील?" आणि जिन्यावरून उतरले. कोपऱ्यावर पोचल्यावर थांबून त्यांनी मागे वळून बघितलं. मला की रस्त्याला, कोण जाणे.

पुढचे दिवस मी आणि म्हातारी. चुलीच्या धुराजवळ तिला जायचं नव्हतं, म्हणून भाकरी मी करायचो. नवा चष्मा लावून ती पहिली भाकरी फिरवून फिरवून बघायची. "दिसत नव्हतं तेच बरं होतं, लेकरा," म्हणायची आणि खायची. दिवसभर ती अंगणात बसून सगळं बघत असायची. दोरीवरचा टॉवेल बघायची, भिंतीवरची पाल बघायची, स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघायची. अधूनमधून विचारायची, "आज कोपऱ्यात धुकं जरा जास्तीच पडलंय न?" धुकं पडलेलं नसायचं. मी म्हणायचो, हो, पडलंय खरं. थेंब घालताना मला रोज वाटायचं, की सांगावं, आजी, कंस मी घातला. सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी पुन्हा बंद पुकारला गेला. एसटी बंद, दुकानं बंद. दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे, डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला.

"पेशकारसाह्यबाचं घर ह्येच का?" तिनं विचारलं. "पोखर्णीला गाडी अडवली. तितून चालत आले."

म्हातारी अंगणातूनच उठली. आवाज तिनं ओळखला होता. ती भिंतीचा आधार घेत जवळ आली, अगदी जवळ, नाकाला नाक लागेल इतकी, आणि बघायला लागली. तिचा चेहरा गोंधळला. समोर चाळिशीकडे झुकलेली, उन्हानं रापलेली, कानापाशी केस पिकलेली बाई होती. मग म्हातारीनं चष्मा काढला. डोळे मिटले. दोन्ही हातांनी गंगीचं कपाळ, भुवया, नाक, हनुवटी चाचपली. पुन्हा चष्मा लावला.

"तीच हाय," ती म्हणाली. "गं गंगे, तू तर माझ्या मायवानी दिसायलीस!"

गंगी तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी माडीवर निघून गेलो आणि खालचं रडणं, मग हसणं, मग पुन्हा रडणं ऐकत संध्याकाळपर्यंत बसलो. दोन दिवस गंगी राहिली. दोन दिवस म्हातारीनं तिच्यावरची नजर हलवली नाही. गंगी झोपली तरी ही उशाशी बसून बघायची.

मी गंगीला विचारलं, पेशकारसाहेब कुठे आहेत? ती तोंडाला पदर लावून हसली. "त्ये माझ्या जागी हायती." मला वाटलं, गंमत करतेय.

मग वडिलांचं पत्र आलं. माझे वडील मोजून लिहिणारे, खुशाली एका ओळीत संपवणारे. त्या दिवशी त्यांनी आंतरदेशीय पत्राच्या घडीवरसुद्धा लिहिलं होतं.

'तुझे घरमालक येऊन पोचले. टोळी सापडवून दिली. मुकादम बाईला सोडेना. त्याचेही खरे आहे. एक कोयता म्हणजे नवराबायको दोघे. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. बाई गेली की कोयता अर्धा, टोळीचा खाडा. मुकादम थट्टेने म्हणाला, बदली माणूस द्या आणि बाई न्या. तर हे गृहस्थ म्हणाले, मी बदली. सगळी टोळी हसली. हे हसले नाहीत. अंगातली शेरवानी काढली, तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि मोळी उचलायला वाकले. पहिली पडली, दुसरी पडली. आता उचलतात. तिसऱ्या दिवशी मी स्वतः फडात जाऊन सांगितले, घरी चला, दूध-भाकरी खा, माझा गडी लावतो. म्हणाले, तुमचा गडी कशाला, चूक आमच्या घराची आहे. कसली चूक ते सांगेनात. माणूस वेडा आहे की काय ते कळव. शहाणा असल्यास जास्तच काळजी घे.'

ते पत्र मी कितीदा वाचलं असेन. 'आमच्या घराची' या शब्दांपाशी दर वेळी अडकलो.

गंगी परत गेली आणि पेशकारसाहेब आले. स्टँडवर त्यांना आणायला गेलो तेव्हा एसटीतून उतरणारा माणूस मी ओळखला नाही. उसाच्या पाल्यानं हातांवर, गालांवर बारीक बारीक रेघा ओढलेल्या. भेंडीसारखी बोटं सुजून वांग्यांसारखी झालेली. शेरवानी रसानं चिकटून कडक झालेली. ती त्यांनी पुढे कधी धुतली नाही, आणि मुंग्यांना तिचा पत्ता कायमचा लागला.

"आली?" त्यांनी विचारलं.

"आली."

"बघितलं म्हातारीनं? काय म्हणाली?"

मी सांगितलं. "माझ्या मायवानी दिसायलीस." ते स्टँडच्या बाकावर बसले आणि लहान मुलासारखे हसत राहिले. मग म्हणाले, "वही काढा." त्यांना पेन धरता येत नव्हतं. मी लिहिलं, गंगा, लेक, पाहिली. आणि वरची माझी ती ओळ खोडायला पेन टेकवलं. त्यांनी सुजलेला हात माझ्या हातावर ठेवला.

"खोडू नका. नदी बी तिनं बघितलीच ना? हात जोडले ना? मंग ते चूक कसं?"

मग पेन माझ्याकडून मागून घेतलं, मुठीत धरलं आणि दोन ओळींच्या शेजारी, उजवीकडून डावीकडे, उर्दूत काहीतरी खरडलं. मी विचारलं, काय लिहिलं? म्हणाले, "काही न्हाई, दफ्तरी शेरा हाय."

पाडव्याला टोळ्या परतल्या. गंगी न्यायला आली तेव्हा म्हातारीला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. ती तक्रार करत नव्हती. जाताना पेशकारसाहेबांचा चेहरा तिनं हातांनी चाचपला. गालांवरच्या रेघा तेव्हा बुजल्या होत्या, पण तिच्या बोटांना त्या सापडल्या असाव्यात. ती एकेका रेघेवरून बोट फिरवत होती.

पुढे माझी बदली झाली. पेशकारसाहेब गेल्याचं मला पत्रानं कळलं. कधीतरी एका उर्दूच्या शिक्षकाला मी ती वही दाखवली. त्यानं डोळे बारीक करून वाचलं, "दोनों दुरुस्त." मी म्हणालो, म्हणजे दोन्ही बरोबर. तो म्हणाला, हो, किंवा दोन्ही सुधारले असंही. मी मराठीचा प्राध्यापक, त्याच्याशी वाद घातला नाही.

काल माझ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता पंधरा मिनिटांत होतं, बैल वगैरे आणायला कुणाला वेळ नसतो. पट्टी सुटल्यावर पहिलं काय बघायचंय, असं मला कुणी विचारलं नाही. आज सकाळी नर्सनं पट्टी काढली. खिडकीतून एवढा पांढरा उजेड आत आला, की वाळू कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. "काका, काय दिसतंय?" तिनं विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "गंगा."

पोर चांगली होती. तिनं मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाहेर जाऊन माझ्या बायकोला विचारलं, "काकू, ही गंगा कोण?"

बायकोला हे मी कधीच सांगितलं नव्हतं. ती आत येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसली आहे आणि उत्तराची वाट बघते आहे. तो कंस मीच घातला होता, आधी इथून सुरुवात करावी लागेल.